वाटसराचं पान

माझा राग तुमाला म्हाईत न्हाई. आमच्या गावात शेंबडं पोरगं बी सांगंल, जगदेवी खवळली की तिच्या म्होरं उभं राहू नका. पन त्या दिवशी जेवडी खवळले तेवडी बासष्ट वर्सांत कदी खवळले नव्हते. ते बी पोटच्या पोरावर. ते बी येळवसंच्या दिवशी.

तुमी लातूरकडचे नसाल तर सांगावं लागंल. येळवस म्हंजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी आमच्याकडं घरात कुनी राहत न्हाई. सगळं गाव शेतात, सगळं लातूर शेतात. दुकानं बंद, हाटेलं बंद, चहाची टपरीसुदिक बंद. शेतात कडब्याचा कोप, म्हंजे खोपटं, करायचा, त्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हून मांडायचे, पूजा करायची. मग घरच्या पुरुषानं आंबील शिंपडत कोपाला फेऱ्या मारायच्या, आरोळी द्यायची, आन् सगळ्यांनी मिळून जेवायचं. भज्जी म्हंजे पीठ लावून शिजवलेली शेंगा-भाज्यांची मिसळ, ताकातली ज्वारीची आंबील, बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर. ज्याला शेत न्हाई त्याला शेतवाला बोलावतो. हे झालं सगळ्यांचं.

आमच्या घरचं त्याच्यावर आनखी एक हाय. आमच्या शेतात पहिलं पान वाटसराचं. गावचा न्हाई, सोयरा न्हाई, वळखीचा न्हाई, आसा रस्त्यानं चाललेला परका मानूस. त्याला हाक मारायची, बसवायचं, पोटभर वाढायचं. तो हात धुवून उठला की शिदोरी बांधून द्यायची आन् म्हनायचं, "पुन्हा ह्या वाटेनं आलास तर ह्या बांधावर थांब." एवडं म्हनल्यावर मग घरच्यांनी घास तोंडात घालायचा. तवर न्हाई म्हंजे न्हाई.

कामून, तर आमच्या मालकाचे पंजोबा सिद्धलिंग कानडी मुलखातले. तिकडं दुष्काळ पडला, खायाला दाना उरला न्हाई, तवा बायको आन् खांद्यावर एक लेकरू घेऊन भालकीच्या पल्याडून चालत निघाले. मराठीचा एक शब्द येत नव्हता. येळवसंच्या दिवशी दुपारी ह्या रस्त्याच्या कडंला येऊन बसले, कारन म्होरं पाय उचलंना. पाटलाच्या म्हातारीनं बांधावरून हाक मारली. ह्यांना कळंना, म्हून तिनं हातानं खुनावलं, या, जेवा. जेवू घातलं, निघताना भाकरी बांधून दिल्या आन् तेच बोल बोलली. ते म्होरं गेलेच न्हाईत. त्याच शेतात सालगडी राहिले, मग बटईनं केलं, आन् त्यांच्या लेकानं त्यातलीच चार एकर घेतली. ते चार एकर म्हंजे आमचं आजचं शेत, रेणापूरच्या रस्त्याला लागून.

माझी सासू केवळाबाई. लगीन होऊन आले त्या साली येळवसला मला म्हनली, "जगदेवी, पुरुष कोपाभोवती फिरतेत, आरडतेत, मोकळे व्हतेत. पान आपन संभाळायचं. आपन बी ह्या घरात बाहेरूनच आलाव की." चव्वेचाळीस वर्सं संभाळलं. सुया-बिब्बे विकनारी बाई जेवली, एसटी हुकलेला तलाठी जेवला, टेलिफोनची तार वढनारे जेवले. एकदा तर एक पोलीस आन् त्यानं बेडी घालून चालवलेला चोर, दोघं एका पंगतीला बसले. चोरानं खीर दोनदा घेतली.

आता माझ्या लेकाचं ऐका.

रामलिंग माझा एकुलता एक. बारा वर्सं झाली, टोरांटोच्या बाजूला राहतो. सून सौदामिनी नांदेडची, मास्तराची लेक, गुनाची हाय. नात मनस्विनी, आमची मनू, दहा वर्सांची, तिकडंच जन्मली. चार वर्सांनी तिघं आले. ते बी आधी दोन दिवस सासुरवाडीला नांदेडला, मग आमी. आसू द्या. आले तर खरं.

आल्या आल्या, चहाचा कप हातात आसतानाच रामलिंगनं खिशातून निळं पुस्तक काढून म्होरं धरलं. "माय, आमी तिघं बी आता कॅनडाचे नागरिक झालाव."

"म्हंजे इथले न्हाईत?"

"कागदावर न्हाई ग. मनानं हावच की."

"मग इथं आलास कसा?"

"कसा म्हंजे? व्हिसा काढून."

मालक, अण्णाराव, पुस्तक उलटंपालटं करून बगायले, जसं काय पोरानं दहावीचा निकाल आनलाय. माझं लेकरू माझ्या घरी यायला परवाना काढून आलंय. मी आत गेले आन् आंबिलाचं पीठ भिजलंय का बगत बसले. त्ये सकाळीच बगून झालं व्हतं.

दुसऱ्या दिवशी येळवस. शेतात गेल्या गेल्या रामलिंगनं तीन पायाच्या काठीवर फोन लावला आन् शर्टाला बटनाएवडा माईक. तिकडं ह्यांचं एक मंडळ हाय, त्यांच्या कार्यक्रमात दाखवायचं म्हने. फोनसमोर उभा राहून बोलायलता, "नमस्कार मित्रांनो, आपल्या परंपरा पुढच्या पिढीपर्यंत पोचवणं ही आपली जबाबदारी आहे." एवडं सुद्द बोलताना मी त्याला कदी ऐकलं नव्हतं.

बोलला तर बोलू द्या. पन मग सुरू झालं. मला म्हनला, माय, हे लुगडं नको, इरकल नेसून ये. मी म्हनले, चुलीम्होरं इरकल नेसायला माझं डोकं फिरलंय का? पान्याचा निळा कॅन उचलून झाडामागं नेऊन ठिवला, कॅमेऱ्यात चांगला दिसत न्हाई म्हने. आन् मालकाच्या फेऱ्या. त्यांचे गुडघे गेलेले. पाच फेऱ्या मारल्या, आंबील शिंपडली, आरोळी दिली, दम लागला. तर हा म्हनतोय, "अप्पा, उन्हाकडं तोंड नव्हतं, एकदा परत." पुन्हा पाच. "अप्पा, हसून." पुन्हा पाच. देवाची फेरी हाय का तमाशाची तालीम? आन् मालक बी एका शब्दानं न्हाई म्हनंनात. पोरगं चार वर्सांनी आलंय म्हून हाडं मोडली तरी फिरतील.

मी राग गिळला. पळसाची पत्रावळ बांधाच्या आतल्या अंगाला, आंब्याखाली मांडली, तांब्या भरून ठिवला. ते वाटसराचं पान. मनूला जवळ बसवून सगळं सांगितलं. तिला मराठी समजतं, बोलताना अडखळती. म्हनली, "आजी, anyone? कोनी पन?" मी म्हनले, "हाव. कोनी बी. जो येईल तो." ती पानाजवळ राखन करत बसली. सौदामिनी मागच्या बांधाला लाकडं आनायला गेली. चुलीवरचं पानी सपलं म्हून मी कळशी घेऊन हिरीकडं गेले. मोटार चालू करून, कळशी भरून यायला किती येळ लागतो? अर्धा तास धरा.

परत आले तर मनूचं तोंड उतरलेलं.

"आजी, एक अंकल आला होता. पूर्ण व्हाइट, डस्टनी. त्यानी विचारलं, हॉटेल कुठं आहे. मी म्हटलं, इथं बसा. मग बाबांनी त्याला जायला सांगितलं."

कळशी माझ्या कमरंवरच राहिली. "रामलिंग! कोन आलं व्हतं?"

"अगं कोनी न्हाई माय. शेजारच्या शेतात बोअरची गाडी उभी हाय ना, तिच्यावरचा लेबर. हिंदीवाला, छत्तीसगडकडचा वाटला. अप्पांची फेरी चांगली चालली व्हती, मधीच फ्रेममध्ये आला. मी काय हाकलला न्हाई, शंभर रुपये दिले. म्हनलं हॉटेल में खा लेना."

"कुठल्या हाटेलात?"

"आसंल की रेणापुरात."

"आज येळवस हाय रे मुडद्या!"

तवा त्याचं तोंड बगायला पायजे व्हतं. फोनम्होरं उभं राहून जगाला येळवस सांगायलता, आन् येळवसला जिल्ह्यात एक हाटेल उघडं नसतं एवडं इसरला व्हता. इथं जन्मलेला, इथं वाढलेला. आमच्याकडचं बारकं लेकरू बी परक्या मानसाला आसं सांगनार न्हाई.

बांधावर बगितलं. शंभराची नोट एका दगडाखाली दाबून ठिवलेली. नेली नव्हती त्यानं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आधी मालकाकडं वळले. "तुमी व्हता ना इथं? तुमी काय करायलते?"

मालक पांडवांकडं बगत बसले. "मी म्हनलो त्याला, बस म्हून. पन रामलिंग म्हनला, थांबा अप्पा."

"आन् तुमी थांबलाव! पोरगं सांगंल तसं उन्हाकडं तोंड करून फिरता, आन् दारात आलेला मानूस उपाशी चाललाय ते दिसंना?"

"माय, तू उगा आरडायलीस," रामलिंग म्हनला. "लेकरू हाय संगं. कोन कुठला म्हाईत न्हाई, आंगावर धड कपडे न्हाईत. थोडी सेफ्टी बगावी लागती."

"कोन कुठला?" मी म्हनले. "तुझा खापरपंजोबा कोन कुठला व्हता? त्याच्या आंगावर काय व्हतं? त्या पाटलाच्या म्हातारीनं सेफ्टी बगितली आसती तर तू आज कुठं आसतास? ऊठ. गाडी काढ. हुडकून आन त्याला."

गेला. भाड्याची गाडी घेऊन गेला. आन् मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. म्हनलं तो न्हाई तर दुसरा कोनी. पन येळवसंच्या दुपारी रस्त्यावर कोन आसतंय? ज्येला त्येला कुठल्या ना कुठल्या शेतात बोलावनं. तासाभरात दोन मोटारसायकली गेल्या, दोन्ही रेणापूरच्याच, वळखीच्या. "काय मावशी, जेवाय बोलवायलाव का?" म्हून हसत गेले. रिकामी एसटी आली. मी रस्त्याच्या मधी जाऊन हात केला. ड्रायव्हरनं खिडकीतून हात हालवला, हसला आन् निघून गेला. त्याला वाटलं म्हातारी सनाचा रामराम करायली. मी त्याच्या सात पिढ्या काढल्या, पन एसटी तवर लांब गेली व्हती.

अडीच वाजले. रामलिंग आला. एकटाच.

"बोअरची गाडी गेली माय. शेतकरी म्हनला, आज काम न्हाई म्हून कंधारकडं निघाले सगळे. रेणापुरात बी बगितलं. सगळी शटरं खाली हाईत."

"कळलं आता?"

खाली बसला. भज्जी गार झाली व्हती, आंबिलावर साय धरली व्हती. सौदामिनीनं पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून मनूला दिला. लेकरू सकाळधरनं उपाशी. मनूनं पुडा हातात घेतला आन् माझ्याकडं बगितलं. "आजी, ते रूल मला पन आहे?"

मला वाटलं म्हनावं, न्हाई ग बाई, तू खा. पन तोंडातून निघालं, "हाव."

तिनं पुडा परत आईच्या पर्समधी ठिवला. सौदामिनी म्हनली, "आई, मी मागं लाकडं आणायला गेले होते हो. मी इथं असते तर त्याला बसवलं असतं." खरं बोलली. तिनं बसवलंच आसतं.

रामलिंग म्हनला, "आसं करू, ते पान गाईला घालू. शेवटी सिंबॉलिकच आसतंय माय हे."

"गाय छत्तीसगडवरनं आली व्हय रे?"

"मग काय करू मी? पाया पडू? चुकलं म्हनलं ना!"

चुकलं म्हनला नव्हता. तवा पहिल्यांदा म्हनला. मी त्याच्या म्होरं जाऊन बसले. म्हनले, "मला एक सांग. तू तिकडं पहिल्यांदा गेलास, तवा तुला कुनी जेवू घातलं?"

मान खाली घालून गवताची काडी मोडत राहिला. "शेजारच्या सरदारजीच्या घरी. तळघरात खोली घेतली व्हती मी. हिटर बंद पडला, बाहेर बरफ, पैसे सपत आलते. त्यांची म्हातारी सरदारनी बाहेर बरफ काढायली. तिनं इचारलं, कुठला. लातूर म्हनलं तर तिला कळंना, म्हून नांदेडच्या बाजूचा म्हनलो. तिनं कानाला हात लावला, गुरुद्वाऱ्याचं नाव घेतलं आन् माझा हात धरून घरात नेलं. दोन म्हैने रोज रातचं जेवन तिच्याकडं."

"हे मला कदी सांगितलं न्हाईस."

"तुला वाईट वाटलं आसतं."

"आन् तिनं तुझी सेफ्टी बगितली व्हती का?"

त्याच्या डोळ्यात पानी आलं. येऊ दे म्हनले. मला त्याची कीव आली न्हाई, आनखीच संताप आला. ज्याला म्हाईत न्हाई त्यानं चूक केली तर समजावं. ह्याला म्हाईत व्हतं. बरफात दुसऱ्याच्या ताटात जेवलेला मानूस आपल्या बापाच्या शेतात, भरलेल्या चुलीम्होरं, उपाशी मानसाला नोट दाखवतो. तो छत्तीसगडचा कुठं गेला आसंल, कुनी हाक मारली आसंल का, तोंडावरची धूळ धुवायला पानी तरी मिळालं आसंल का, हेच माझ्या डोक्यात फिरायलतं.

मी उठले. तांब्या उचलला. "रामलिंग, ऊठ. हात धू."

"जेवायचं?"

"बस इथं." मी वाटसराच्या पानाकडं बोट केलं.

त्याला आधी कळलंच न्हाई. मग कळलं. "न्हाई माय. ते पान माझं न्हाई."

"तुझंच हाय. तू व्हिसा काढून आलास ना ह्या गावात? ह्या शेतात आज बाहेरचा मानूस कोन आसंल तर तू हाईस. बस."

"मी घरचा हाय ग!"

"घरचा मानूस वाटसराला हाकलत नसतो. तू जेवल्याबिगर माझी नात जेवनार न्हाई. बस म्हनते ना!"

मालकाला तवा कंठ फुटला. "जगदेवी, पोरगा हाय आपला."

"म्हून तर वाढायले," मी म्हनले. "दुसऱ्या कुनी आसं केलं आसतं तर बांधाच्या पल्याड घातला आसता."

बसला. सौदामिनीनं गप उठून फोन काठीवरनं काढला आन् बंद करून पिशवीत टाकला. मी वाढलं. भज्जी, उंडे, खीर, द्रोनात आंबील. चांगलं गच्च वाढलं, पावन्याला वाढते तसं, काही कमी केलं न्हाई. तो खाली मान घालून जेवायला लागला. डोळे पुसायचा आन् खायाचा. मनू त्याच्या म्होरं मांडी घालून बसली व्हती. "बाबा, finish करा. मला भूक लागली आहे." आंबील पिताना त्याला ठसका लागला. मी पाठीवर हात ठिवला न्हाई. वाटसराच्या पाठीवर कुनी हात ठिवत न्हाई, पानी देतेत. मी पानी दिलं.

सगळं सपवलं. उठला, हात धुतले. मी फडक्यात चार भाकरी आन् उंडे बांधले, गाठ मारली आन् त्याच्या हातात दिली. आता ते बोल म्हनायचे व्हते. मला वाटलं व्हतं, ते मी त्याच्या तोंडावर फेकून मारीन. रागानंच तोंड उघडलं व्हतं.

"पुन्हा ह्या वाटेनं आलास," मी म्हनले, "तर ह्या बांधावर थांब."

"हाव," रामलिंग म्हनला. वाटसरू जसं म्हनतेत तसंच म्हनला आन् शिदोरी छातीशी धरून बाजूला झाला.

चव्वेचाळीस वर्सं मी हे म्हनत आले. तलाठ्याला म्हनले, तारवाल्यांना म्हनले, त्या बेडीतल्या चोराला म्हनले. सगळे हाव म्हनून गेले. त्यातला एक बी पुन्हा आलेला न्हाई. हे मला कदी ध्यानात आलं नव्हतं, पोराला म्हनून झाल्यावर आलं.

"आजी," मनू म्हनली, "आता आपण?"

मी घरच्यांची पानं मांडली. चार मांडली. पाचव्या पत्रावळीला हात गेला व्हता, तो मागं घेतला आन् मनूला वाढाय लागले.